वाचकांचे प्रश्न : हिंसा, आरोग्य खाते आणि बाळाची पहिली वर्षे

गेल्या अंकात रक्तदाबाविषयीच्या एका उत्तरात मी ओघात लिहून गेले होते की, मारहाण हा जितका पोलिसांचा तितकाच आरोग्य खात्याचाही प्रश्न आहे. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली तेवढी रक्तदाबावर आली नाहीत. बहुतेक पत्रे सांगली जिल्ह्यातील असून दोन साताऱ्याकडची आहेत. काहींनी रागाने लिहिले आहे, काहींनी कुतूहलाने, तर एका भगिनीने फार धीर एकवटून. त्यामुळे या वेळी रक्तदाब, मधुमेह बाजूला ठेवून सगळे सदर याच विषयाला देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी पोलीस खात्यात हवालदार म्हणून निवृत्त झालो. उरुसात, जत्रेत, मिरवणुकीत कोयते निघालेले पाहिले आहेत. आपण म्हणता तसा यात आरोग्याचा काय संबंध? गुन्हेगाराला धाक हवा. डॉक्टरांनी टाके घालावेत, आम्ही बेड्या घालाव्यात, हेच योग्य नाही का? (तासगाव)

आपल्या बेड्या आणि आमचे टाके ही दोन्ही कामे झालीच पाहिजेत, त्याविषयी माझे आपल्याशी मुळीच भांडण नाही. प्रश्न त्याआधीच्या कामाचा आहे, आणि तो समजावण्यासाठी मी आपल्याच भागातील एक नेहमीचा प्रसंग घेते.

उन्हाळा संपता संपता एखाद्या गावात गॅस्ट्रोची साथ येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटा पुरत नाहीत, एकेका खाटेवर दोघांना सलाइन लागते. त्याच वेळी आरोग्य सेवक वही घेऊन घरोघर निघतो. पहिला रुग्ण कोणत्या घरातला, कोणत्या तारखेचा, पाणी कोणत्या नळाचे, हे तो टिपत जातो. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून ओटी टेस्ट घेतली की कळते, वरच्या आळीत पाणी पिवळे होते, म्हणजे क्लोरीन पोचले आहे. खालच्या आळीत रंगच येत नाही. मग शोध घेता घेता गटारातून गेलेली फुटकी पाइपलाइन सापडते. या सगळ्यात रुग्णाला सलाइन लावणे कोणी थांबवत नाही, पण नुसते सलाइन लावून साथ थांबत नाही हे गावातल्या शिपायालाही ठाऊक असते. हिंसेकडे साथीसारखे पाहायचे म्हणजे एवढेच, की आरोपी कोण हे ठरत असतानाच ती कुठे, केव्हा, कशामुळे होते, एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते आणि साखळी कोठे तोडता येते, हेही कोणीतरी वही घेऊन विचारायचे.

ही माझी कल्पना नव्हे. हिंसा हा जगभरचा मोठा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असा ठराव जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी १९९६ मध्ये केला आणि २००२ मध्ये संघटनेने त्यावर पहिला सविस्तर जागतिक अहवाल काढला. त्याच्याही आधीपासून वेल्समधील कार्डिफ या शहरात जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याचे शल्यविशारद याच विचाराने काम करीत होते. फुटलेले जबडे शिवता शिवता त्यांच्या लक्षात आले की, आपल्याकडे येणाऱ्या जखमींपैकी पुष्कळांची पोलिसांकडे नोंदच नाही. मग रुग्णालयाच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाने नाव न देता फक्त तीन गोष्टी टिपायच्या ठरल्या : मारहाण कोठे झाली, किती वाजता झाली आणि कशाने झाली. ती माहिती दरमहा पोलिसांना आणि नगरपालिकेला जाऊ लागली. कोणत्या दारूच्या दुकानासमोर, कोणत्या वारी गस्त हवी हे कळले आणि फुटल्यावर धारदार तुकडे होणाऱ्या काचेच्या ग्लासांऐवजी वेगळे ग्लास वापरण्यावर भर आला. पुढे तशाच इतर शहरांशी तुलना केली तेव्हा मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कार्डिफमध्ये ४२ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडे तालुक्याच्या रुग्णालयात एमएलसीचे, म्हणजे पोलिसांना कळवायच्या जखमींच्या नोंदीचे, रजिस्टर असतेच. त्यातील वेळ, ठिकाण आणि हत्यार एवढे तीन रकाने महिन्यातून एकदा कोणी एकत्र वाचतो का, हा प्रश्न आपणच आपल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारून पाहावा.

आता एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका ग्रामीण रुग्णालयात होते. एक बाई हाताला सूज घेऊन आली. सूज कोपरापासून मनगटापर्यंत बाहेरच्या बाजूला होती. पायरीवरून पडले, असे ती म्हणाली आणि मी केसपेपरवर तसेच लिहिले. वास्तविक पडणारा माणूस तळहात टेकतो; हाताच्या बाहेरच्या बाजूला मार बसतो तो डोक्यावर येणारा फटका हात आडवा धरून चुकवताना. हे मी पुस्तकात वाचलेले होते. दोन महिन्यांनी ती पुन्हा आली, या वेळी पोटुशी होती, आणि मी पुन्हा पायरीच लिहिली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित महिलांपैकी सुमारे २९ टक्के महिलांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले, आणि हिंसा सोसलेल्या महिलांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या होत्या जेमतेम १४ टक्के. हवालदारसाहेब, आपल्या ठाण्याच्या डायरीत जे आले ते उरुसातले कोयते. जे आले नाही ते माझ्यासारख्यांच्या केसपेपरात पायरी म्हणून पडून आहे, आणि त्या पायरीच्या घरात जी मुले होती त्यांतली काही पुढे आपल्या डायरीत आली असतील.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर एके काळी चाकूबाजीसाठी कुप्रसिद्ध होते. तेथे २००५ मध्ये हिंसा कमी करण्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला, तो आरोग्य खात्याने नव्हे, तर पोलिसांनीच. त्याचे एक प्रमुख जॉन कार्नोकन हे खुनांच्या तपासात मुरलेले अधिकारी. हजार जादा पोलीस की घरोघर जाणाऱ्या हजार जादा परिचारिका, अशी निवड करायची वेळ आली तर मी परिचारिका मागेन, असे ते उघडपणे सांगत. आपल्याच पेशातल्या माणसाचे हे मत आहे म्हणून मुद्दाम कळवले.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. आम्हाला वजन, उंची, आहार वाटप, मोबाइलमधील माहिती भरणे आणि वर सर्वेक्षणे, एवढे काम आहे. आता बालवयातच हिंसा रोखायची म्हणजे आणखी एक रजिस्टर का? आणि बाळाला खाऊ घालण्याचा त्याच्या पुढच्या भांडखोरपणाशी काय संबंध? (जत तालुका)

ताई, तुमचा वैताग रास्त आहे. आणखी एक रजिस्टर आले तर सर्वांत आधी मीच त्याला विरोध करीन. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सविस्तर द्यावेसे वाटते, कारण या विषयातला सर्वांत बोलका पुरावा तुमच्यासारख्याच बायकांच्या कामातून आलेला आहे.

जमैका या बेटावरील किंग्स्टन शहरात १९८६-८७ च्या सुमारास गरीब वस्त्यांमधील ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली गेली. काहींना नुसता पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आरोग्य खात्याची स्थानिक कार्यकर्ती आठवड्यातून एकदा, तासभर जात असे. काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना नेहमीच्या आरोग्यसेवेपलीकडे काही नाही. ती कार्यकर्ती डॉक्टर नव्हती, पदवीधरही नव्हती. ती रिकाम्या बाटल्या, झाकणे, लाकडाचे तुकडे यांची खेळणी घेऊन जाई, बाळाशी कसे खेळायचे ते आईला दाखवी, मग आईला खेळू देई आणि ती जमवते आहे हे पाहून तिचे कौतुक करी. खेळणी घरी ठेवून पुढच्या आठवड्यात बदलून नेई. हे दोन वर्षे चालले. ती मुले २२ वर्षांची झाली तेव्हा त्यांना पुन्हा गाठले. ज्यांच्या घरी खेळ गेला होता ती मुले मारामाऱ्यांत आणि गंभीर हिंसेत कमी गुंतलेली दिसली, अधिक शिकलेली दिसली आणि त्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या पूरक आहाराचा असा लांब टिकणारा परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ आहार नको असा कृपया कोणी घेऊ नये. भुकेल्या बाळाला खेळवता येत नाही. पण १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून तिच्यात शालापूर्व शिक्षण लिहिलेले आहे, आणि तरीही आपण ती प्रामुख्याने पाकिटांची आणि वजनकाट्याची योजना करून टाकली, ही चूक तुमची नसून तुमच्याकडून रोज संध्याकाळी फक्त आकडे मागणाऱ्यांची आहे.

संबंध कसा जोडला जातो तेही सांगते. बाळ रडले, कोणी उचलले, ते शांत झाले, हा अनुभव दिवसातून वीस वेळा आला की राग आणि भीती आटोक्यात आणण्याची सवय मेंदूत हळूहळू बसते. रडल्यावर कधी उचलले जाते, कधी मार बसतो आणि कधी कोणीच येत नाही, अशा घरात मूल सतत सावध राहायला शिकते. असे मूल शाळेत धक्का लागला तरी तो मुद्दाम मारलेला समजते आणि उलट मारते. ते नाठाळ नसते, त्याच्या घरात जे शहाणपणाचे होते ते ते वर्गात करीत असते.

अमेरिकेतील एल्मिरा या छोट्या शहरात डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पहिलटकरणींसाठी असेच काम केले. ४०० गर्भवती त्यात होत्या आणि परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत घरी जात. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा त्या घरांत मुलांची हेळसांड आणि मारहाण झाल्याच्या सिद्ध तक्रारी जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. या अभ्यासातली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ज्या घरांत आईलाच वारंवार मार बसत होता तेथे भेटींचा हा परिणाम ओसरला होता. म्हणून बाळाकडे पाहताना आईच्या दंडाकडेही पाहावे लागते.

आता तुमच्या हाती काय आहे? आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात, आणि २०१८ पासून पुढे तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी जाण्याची योजना आहे. म्हणजे दार ठोठावणारे माणूस आपल्याकडे आधीपासून आहे. त्या भेटीत ताप, वजन आणि मिनिटातले श्वास मोजून झाले की, पाच मिनिटे बाळाला मांडीवर घेऊन वाटी-चमच्याचा आवाज काढावा आणि आईने काढला की "बघा, तुमच्याकडे कसं वळून बघतंय" असे सासूच्या देखत म्हणावे. सासूच्या देखत म्हटलेल्या या वाक्याला बाळंतिणीच्या खोलीत फार मोल असते. तुमच्या पूर्व भागात घरी कानडी बोलतात. तिथे आईने कानडीतच बोलावे, बाळाशी शाळेच्या मराठीचा आव आणू नये.

एक अडचण मात्र आपल्या चालीरीतींतली आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. आशाताईच्या यादीत नाव सासरच्या गावी, बाळ माहेरच्या गावी, आणि भेटींचे नेमके मोलाचे सहा आठवडे दोन गावांच्या मध्ये हरवतात. शिवाय त्या काळात बापाला बाळ हाताळायची सवय होत नाही ती नाहीच. आपल्या गावची लेक बाळंतपणाला आली की तिचे नाव विचारून घ्यावे आणि ती परत निघाली की सासरच्या सेविकेला एक फोन करावा. त्याला रजिस्टर लागत नाही.

प्रश्न : माझा मुलगा त्याच्या चार वर्षांच्या मुलाला चापट मारतो, क्वचित चप्पलही उचलतो. सून मला मध्ये पडा म्हणते. मी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात परराज्यात आयुष्य काढले. सोने तापवल्याशिवाय शुद्ध होत नाही. मीही वडिलांचा मार खाऊनच घडलो. हल्ली फार लाड होतात असे आपणास वाटत नाही का? (विटा)

आजोबा, तुम्ही मार खाल्ल्यामुळे घडलात की मार खाऊनही घडलात, हे आता तपासायला मार्ग नाही. तुमच्याबरोबर मार खाल्लेले, पण न घडलेले तुमचे सवंगडी पत्रे लिहीत नाहीत. म्हणून अशा प्रश्नात एकेकाच्या आठवणींपेक्षा हजारोंची मोजणी पाहावी लागते. १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चापट मारण्याने मूल पुढे अधिक आज्ञाधारक होते असे त्यात दिसले नाही. उलट आक्रमकपणा आणि समाजविरोधी वर्तन वाढण्याशीच त्याचा संबंध आढळला. खोड्याळ मुलांना मार जास्त बसतो म्हणूनही आकडे काही अंशी असे येतात, हे मान्य करूनही माराचा फायदा मात्र कोठे सापडत नाही.

त्याआधी १९९८ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्या कामात बालपणाविषयी विचारले गेले : मारहाण, हेळसांड, आईला बसणारा मार, घरातले व्यसन. ही सुशिक्षित, नोकरदार, विमा असलेली माणसे होती. अशा अनुभवांची संख्या जितकी जास्त, तितके पुढच्या वयात व्यसन, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न आणि हृदयविकारसुद्धा जास्त, अशी पायऱ्यापायऱ्यांची चढण त्यात दिसली. रक्तदाबाच्या उत्तरात मला हिंसा का आठवली, ते आता तुमच्या लक्षात येईल.

राहिला सोन्याचा दाखला. गलाईत आगीने जे निघून जाते ती भेसळ असते. चार वर्षांच्या मुलातून माराने काय निघून जाते ते आधी पाहायला हवे, आणि बहुधा ते बापाला खरे सांगण्याचे धाडस असते. लाडाविषयी म्हणाल, तर मार न देणे म्हणजे लाड नव्हे. मोबाइल ठराविक वेळी काढून घेणे, सांडलेले पाणी त्याच्याकडूनच पुसून घेणे, एकदा नाही म्हटले की नाहीच, हे माराहून कडक आहे, फक्त मोठ्यांना ते जास्त थकवणारे आहे. शाळेत मुलाला मारणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मना आहे. स्वीडनने तर १९७९ मध्येच घरातला मारही कायद्याने बंद केला.

सुनेने तुम्हाला मध्ये पडायला सांगितले आहे, तर जरूर पडा, पण मुलाला सर्वांसमोर बोलू नका. तो कामावरून आल्यावरची पहिली वीस मिनिटे नातवाला घेऊन बाहेर चक्कर मारून या. माराचे बरेच प्रसंग नेमके त्याच वेळी घडतात. आणि घरात पुन्हा तान्हे बाळ आले तर एवढे लक्षात ठेवा : पहिल्या सहा-आठ आठवड्यांत बाळाचे रडणे वाढतच जाते आणि तीन-चार महिन्यांनी आपोआप ओसरते. त्या काळात संतापून बाळाला गदागदा हलवले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सहन होत नसेल तेव्हा बाळाला अंथरुणावर उताणे ठेवून पाच मिनिटे ओट्यावर जाऊन बसणे यात काहीही पाप नाही.

प्रश्न : नवरा पिऊन मारतो. मुले दोन्ही लहान आहेत, कोपऱ्यात बसून बघतात. माझे जाऊ दे, पण मुले बापासारखी होतील का? (कोरेगाव तालुका)

ताई, तुमच्या पत्रातील ओळख पटेल असा सगळा मजकूर काढून टाकला आहे. "माझे जाऊ दे" हे शब्द मात्र मला मान्य नाहीत. मुलांना वाचवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे तुमच्यावरचा मार थांबवणे.

बापासारखी होतीलच असे नाही. मार पाहत वाढलेल्या मुलांमध्ये पुढे मारण्याचा किंवा मार सोसण्याचा धोका वाढतो हे खरे, पण अशा घरांतून आलेली बहुतेक मुले हिंसक होत नाहीत. एक तरी मोठे माणूस कायम पाठीशी असणे, घडले ते चूक होते आणि त्यात तुझा दोष नव्हता असे कोणीतरी स्पष्ट सांगणे, शाळा न सुटणे, या गोष्टींनी मूल सावरते. मुलांना कोपऱ्यात न बसवता, भांडण सुरू होताच शेजारी कोणाच्या घरी जायचे, हे आधीच ठरवून ठेवा.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याविषयी एक गैरसमज दूर करते. त्याखाली अर्ज केला म्हणजे नवरा लगेच तुरुंगात जातो असे नाही. न्यायदंडाधिकारी त्याला मारू नये असा संरक्षण आदेश देऊ शकतात, तुम्हाला राहत्या घरातून काढता येणार नाही असा आदेश देऊ शकतात, खर्चही मिळवून देऊ शकतात. गुन्हा होतो तो संरक्षण आदेश मोडल्यावर. अर्ज भरून देण्याचे काम संरक्षण अधिकाऱ्याचे आहे आणि महिलांना वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मिळतो. महिलांसाठी १८१, तातडीला ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. ते मोबाइलमध्ये ठेवणे धोक्याचे वाटत असेल तर पाठ करा. डॉक्टरकडे गेलात तर पायरी सांगू नका. खरे कारण केसपेपरवर लिहा म्हणावे आणि तो कागद माहेरी ठेवावा.

दारूबद्दल दोन शब्द. दारू सुटल्याने प्रत्येकाचा हात थांबतोच असे नाही, काहींचा शुद्धीतही उठतो. पण साताऱ्यात व्यसनमुक्तीचे काम करणारी परिवर्तन ही संस्था आहे, तिथे नातेवाईकांनी जाऊनही बोलता येते. आणि ज्या गावांनी आडव्या बाटलीला मतदान करून दुकान बंद पाडले त्या गावांतील बायका एका अर्थाने गटारातली फुटकी पाइपलाइनच शोधत होत्या.

प्रश्न : तुमची उदाहरणे नेहमी परदेशी का असतात? (खंडाळा तालुका)

खंडाळा तालुक्यातून हा प्रश्न यावा याची मला गंमत वाटली, कारण सर्वांत देशी उदाहरण आपल्याच तालुक्यातल्या नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाईंचे आहे. त्या काळी विधवेला मूल झाले तर अब्रूच्या भीतीने ते मारले जाई, आणि कायदा त्या बाईला काळ्या पाण्याची शिक्षा देऊन मोकळा होई. त्या शिक्षेच्या धाकाने बालहत्या थांबत नव्हत्या. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले : गुपचूप या, बाळंत व्हा, मूल ठेवायचे तर ठेवा, नाही तर आम्ही सांभाळू. संस्थेच्या नावातच प्रतिबंध हा शब्द आहे. तेथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये आईच्या बरोबरीने रुग्णांची सेवा करीत होता.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि त्यांच्या घरभेटींनी ३९ गावांत नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटले. आशाताईंच्या भेटींचे मूळ तेथे आहे. आणि १९४३ पासूनचे साताऱ्याचे प्रतिसरकार म्हटले की लोकांना तळव्यांवर बसणारे फटकेच तेवढे आठवतात; त्याच चळवळीने दारूबंदी केली, गांधी लग्ने लावून कर्ज टाळले, गावोगाव न्यायदान मंडळे बसवली, हे मात्र सांगावे लागते.

प्रश्न : आमच्या उसाला तोडीची टोळी आली होती. एक बाई सात-आठ महिन्यांचे बाळ आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीजवळ सोडून पहाटेच फडात जायची. एक दिवस बाळ पेटवलेल्या पाचटाकडे रांगत गेले. बापाने त्या मुलीला उसाच्या कांडीने झोडपले. मी ओरडलो तर मुकादम म्हणाला, "मालक, तुमचं काय जातंय?" मी पोलिसांना फोन करायला हवा होता का? (वाळवा तालुका)

दादा, तुम्ही ओरडलात हे फार बरे केले. जखम मोठी असती किंवा मार रोजचा असता तर १०९८ ला फोन करणे योग्यच होते आणि पुढेही करावे. पण तुम्ही वर्णन केलेला प्रसंग नीट पाहिला तर त्यात मारणारा बाप शेवटी येतो. त्याच्या आधी पहाटे चारला सुरू होणारी तोड आहे, आणि एक दिवस घरी राहिले तर उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतून, कापला जाणारा खाडा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, त्यामुळे तान्ह्या बाळाची आईसुद्धा कोपीवर (टोळीच्या झोपडीवर) थांबू शकत नाही. राखणीला उरते ती एक पोर, जिला स्वतःलाच राखण हवी. बाळ भाजण्याच्या भीतीने बाप हादरला आणि हादरलेल्या माणसाला जे एकच येत होते ते त्याने केले. त्याला माफ करा असे मी म्हणत नाही. पण त्याला उचलून नेल्याने दुसऱ्या दिवशी पहाटे बाळ पुन्हा त्याच मुलीजवळ राहिले असते.

पुढच्या गळिताला करता येण्याजोगे काम असे. टोळी उतरली की दोन दिवसांत तिच्यातली सहा वर्षांखालची मुले आणि गरोदर बायका मोजून जवळच्या अंगणवाडीत नावे द्या. बाहेरगावची माणसे म्हणून त्यांचा हक्क जात नाही. आहार, लस, वजन हे जिथे असतील तिथे मिळायला हवे. सेविकेने नकार दिला तर पर्यवेक्षिकेला ग्रामपंचायतीच्या पत्रावर कळवा. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्राची तरतूद आहे. चार-पाच बागायतदारांनी मिळून ग्रामसभेत ती मागणी लिहून घेतली तर प्रस्ताव निदान हलतो.

तोपर्यंत मुकादमाशी तोडीचा दर ठरवता त्याच बैठकीत एक अट घाला. टोळीत बहुधा एखादी म्हातारी किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई असतेच. तिला फडात न लावता कोपीवर मुलांजवळ ठेवायचे आणि तिची मजुरी टोळी, मुकादम आणि तुम्ही मिळून द्यायची. शेडमध्ये किंवा झाडाच्या सावलीत जागा, पिण्याचे पाणी आणि पाचट पेटवायचे असेल त्याच्या आदल्या रात्री तिला निरोप, एवढे तुमच्याकडे. त्या मुलीचे नाव शाळेत घालायचे असेल तर मुख्याध्यापकांना तुम्ही स्वतः भेटा. दाखला मागून आणता येतो, त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. आणि तुमचं काय जातंय, असे मुकादम पुन्हा म्हणाला तर म्हातारीच्या मजुरीतला तुमचा वाटा त्याला सांगा.